वेस्ट कॉर्कमध्ये हेल्स भावंडांच्या मागावर

गुरुवार, कॉर्क

मँचेस्टरहून उडालेलं विमान तासाभरात कॉर्कला उतरलं. बाहेर झिमझिम पाऊस होता आणि ताई खूश होती. ती बेळगावची. तिथल्या शाळेत तिने आयुष्यभर इतिहास शिकवला, आता निवृत्त झाली आहे. "एप्रिल १९१६ च्या अखेरीस टिळकांनी आमच्या बेळगावात होमरूल लीग सुरू केली, आणि त्याच आठवड्यात डब्लिनला इंग्रजांविरुद्ध ईस्टरचा उठाव चालला होता," हे वाक्य तिच्या किती विद्यार्थ्यांनी ऐकलं असेल. होमरूल हे नावच मुळात टिळकांनी आणि अ‍ॅनी बेझंट यांनी आयर्लंडकडून घेतलं. तो देश तिला एकदा डोळ्यांनी बघायचा होता.

मला मात्र एका कुटुंबाचा माग काढायचा होता. आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकेल कॉलिन्स याच्याबद्दल वाचताना एक गोष्ट मनात रुतून बसली होती. आयर्लंडमधल्या यादवीत, २२ ऑगस्ट १९२२ च्या संध्याकाळी, बेल ना ब्ला इथे ज्या हल्ल्यात कॉलिन्स मारला गेला, त्याची आखणी टॉम हेल्सच्या हाताखालच्या लोकांनी केली होती. आणि त्याच दिवशी दुपारी कॉलिन्स बॅन्डन गावात ज्या अधिकाऱ्याला भेटला, तो त्याच्याच सैन्यातला शॉन हेल्स, म्हणजे टॉमचा सख्खा थोरला भाऊ.

शॉन १८८० चा, टॉम १८९२ चा. त्यांच्याशिवाय बॉब, विल्यम, इटलीतल्या जिनोव्हा शहरात स्थायिक झालेला डोनल आणि बहीण मॅज. वडील रॉबर्ट हेल्स जुन्या फेनियन, म्हणजे आयरिश क्रांतिकारकांच्या परंपरेतले, जमीनदारांविरुद्धच्या चळवळीत उतरलेले शेतकरी. या घरात इंग्रजांविरुद्ध लढायचं की नाही हा प्रश्न कधी नव्हताच.

दुपारी ब्लॅकपूल भागातल्या कॉर्क शहर आणि परगण्याच्या अभिलेखागारात गेलो. आधी वेळ ठरवून घेतली होती. डोनल हेल्सचे कागद तिथे जपलेले आहेत. १९१९ पासून डोनल जिनोव्हात बंडखोर आयरिश सरकारचा प्रतिनिधी म्हणून काम करत होता. इटालियन वर्तमानपत्रांत आयर्लंडची बाजू मांडणं हे उघड काम, आणि इटलीहून शस्त्रांचं जहाज मिळवायची खटपट हे गुप्त काम. त्यासाठी मॅज निरोप घेऊन जिनोव्हाला जात असे. कॉलिन्सचा निरोप पोहोचवायला एक बाई युरोप ओलांडून जाते आणि परतल्यावर पुन्हा शेतावरच्या कामाला लागते, याचं मला फार अप्रूप वाटतं. जहाज शेवटपर्यंत आलं नाही. पण कॉलिन्सचा आणि या घराचा संबंध किती आतला होता, हे या पत्रव्यवहारातून कळतं. पुढे इंग्लंडशी तह झाला आणि त्यावरून आयरिश लोकांतच यादवी पेटली, तेव्हा डोनल तहाच्या विरोधात गेला. एकटा शॉन कॉलिन्सच्या बाजूला राहिला आणि बाकीचे भाऊ पलीकडे गेले.

संध्याकाळी ली नदीच्या काठाने चालताना ताई म्हणाली, "एका घरात चार मतं असणं मी समजू शकते. पण चार मतं आणि चार बंदुका?"

शुक्रवार, बॅन्डन आणि बॅलिनडी

भाड्याची गाडी घेतली. इथेही गाडी रस्त्याच्या डावीकडूनच चालवतात, त्यामुळे तो एक ताप नव्हता. ताप होता तो रस्त्यांच्या रुंदीचा. दोन्ही बाजूंना माणूसभर उंच झुडपांच्या भिंती आणि समोरून ट्रॅक्टर. तो चालक शांतपणे मागे घेतो, एक बोट उचलून नमस्कार करतो आणि आपल्याला वाट देतो.

इनिशॅनन ओलांडून बॅन्डनला पोहोचलो. सतराव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांनी वसवलेलं हे तटबंदीचं गाव. आज त्याच गावात शॉन हेल्सचा पुतळा उभा आहे. टॉमचा नाही. ताईने हे लगेच टिपलं. मी म्हटलं, ज्या बाजूच्या हाती राज्य आलं त्या बाजूचे पुतळे आधी उभे राहतात. ते खरं आहेच, पण पश्चिम कॉर्कमधल्या बहुतेक लढवय्यांनी तहाच्या विरोधात बंदूक उचलली होती, हेही तितकंच खरं. शॉन इथे आपल्याच माणसांत एकटा पडला होता.

१९१६ च्या उठावानंतर शॉनला पकडून वेल्समधल्या फ्रॉंगॉखच्या छावणीत डांबलं. कॉलिन्सही तिथेच होता. परत आल्यावर शॉन आणि टॉम दोघांनी मिळून या मुलखात संघटना बांधली. टॉम बंडखोर सैन्याच्या कॉर्कमधल्या तिसऱ्या ब्रिगेडचा पहिला प्रमुख झाला. जुलै १९२० मध्ये बॅन्डनजवळ एसेक्स रेजिमेंटच्या सैनिकांनी टॉम आणि त्याचा सहकारी पॅट हार्ट यांना पकडलं. त्यांचे जे हाल केले ते सविस्तर लिहिताना माझा हात थांबतो. चिमट्याने नखं आणि बोटं चिरडली, बेदम मारलं, हार्टच्या हातात जबरदस्तीने ब्रिटिश झेंडा देऊन फोटो काढला. टॉम वाचला आणि त्याला इंग्लंडच्या तुरुंगात पाठवलं. हार्टच्या मनाचा तोल ढळला तो कायमचा, मनोरुग्णालयातच त्याचा शेवट झाला.

त्या वेळी एसेक्स रेजिमेंटचा इथला गुप्तवार्ता अधिकारी होता आर्थर पर्सिव्हल. हे नाव ऐकताच ताई थबकली. "सिंगापूरचा पर्सिव्हल?" हो, तोच. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी ज्याने सिंगापूर जपान्यांच्या हवाली केलं तो सेनापती. तिथे कैद झालेल्या हजारो हिंदी सैनिकांमधूनच पुढे आझाद हिंद सेना उभी राहिली. बॅन्डनच्या गल्ल्यांत लोक ज्याच्या नावाने थरथरत, तो माणूस आपल्या इतिहासात वेगळ्या दाराने शिरलेला आहे.

गावाबाहेर गोल्फच्या मैदानालगत कॅसल बर्नार्डचे अवशेष आहेत. वेलींनी गिळलेल्या भिंती, छप्पर नाही, खिडक्यांतून आभाळ. हा बॅन्डनच्या अर्लचा वाडा. इंग्रज सैनिकांनी हेल्स कुटुंबाचं घर जाळलं होतं. २१ जून १९२१ रोजी शॉनच्या तुकडीने हा वाडा पेटवला आणि म्हाताऱ्या अर्लला ओलीस धरून नेलं. आमच्या कैद्यांना फाशी दिलीत तर याचा जीव जाईल, असा निरोप पाठवला. ११ जुलैला युद्धबंदी झाली आणि दुसऱ्या दिवशी अर्ल सुखरूप सुटला. शॉनबद्दल मला आदर वाटतो, पण सत्तरीच्या माणसाला अंथरुणातून उठवून रानोमाळ फिरवणं मला आवडत नाही. ताईचं मत वेगळं होतं. "आधी कोणाचं घर जळलं ते बघ," ती म्हणाली. आम्ही तिथल्या गवतात बराच वेळ यावर बोलत राहिलो आणि दोघीही आपापल्या जागी ठाम राहिलो.

मग दहा-एक किलोमीटरवरचं बॅलिनडी. ओढ्याकाठी वसलेलं इवलंसं गाव, चर्च, पूल, चार-दोन घरं. हेल्सांची शेती इथून जवळ नॉकनाकुराला होती. ती जागा आज कोणाच्या तरी राहत्या संसाराची आहे, म्हणून फाटकापर्यंत जायचं आम्ही टाळलं. चढावरून खाली कुरणं, गाई आणि लांबवर बॅन्डन नदीचं चकाकणारं पात्र दिसत होतं. जमीन सुपीक आहे. पोटाला कमी पडलं म्हणून लढायला निघालेली ही माणसं नव्हती. पिकतं रान आणि भरला गोठा मागे ठेवून ती निघाली होती.

शनिवार, बेल ना ब्ला

मुक्काम बॅन्डनजवळ होता. सकाळी नाश्त्याला घरमालकीणबाईंनी सोडा ब्रेड आणि लोणी वाढलं. कुठे निघालात असं विचारल्यावर आम्ही सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या लहानपणी घरात १९२२ हा विषय निघाला की आजोबा उठून गोठ्यात जायचे. एवढंच म्हणाल्या आणि चहा ओतला.

आधी क्रॉसबॅरी. १९ मार्च १९२१ रोजी इथे शंभरेक आयरिश स्वयंसेवकांनी हजाराहून अधिक ब्रिटिश सैनिकांचा वेढा फोडला. एका तुकडीचं नेतृत्व शॉनकडे होतं. लढाई चालू असताना फ्लॉर बेगली नावाचा माणूस बॅगपाइप वाजवत होता, जेणेकरून आपल्या माणसांचा हुरूप वाढावा. या स्मारकावर पुढे दोन बाजूंना गेलेल्या माणसांची नावं एकत्र असणं स्वाभाविक आहे, कारण त्या दिवशी बाजू एकच होती. दीड वर्षात काय झालं, हे समजून घ्यायला इथून बेल ना ब्लाकडे जाणारा रस्ता पुरेसा आहे.

६ डिसेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये तह झाला. आयर्लंडला पूर्ण प्रजासत्ताक मिळालं नाही. कॅनडासारखा स्वायत्त दर्जा मिळाला आणि संसद सदस्यांनी इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची ठरली. आपल्याकडे अनेकांना वाटतं की यादवी उत्तर आयर्लंडच्या फाळणीवरून पेटली. संसदेतल्या चर्चा वाचल्या तर दिसतं की सगळ्यात जास्त शब्द खर्च झाले ते शपथेवर. ज्याने प्रजासत्ताकाशी इमान राखायची शपथ घेतली, त्याने आता राजाशी इमान कसं राखायचं? टॉमसारख्यांना हा प्रश्न चावत होता. शॉनचं म्हणणं होतं की हा तह शेवटचा असता तर मी त्याला हातही लावला नसता, पण पुढची उडी घ्यायला ही फळी आहे. दोघांनाही हवं ते एकच होतं.

२२ ऑगस्टला कॉलिन्स पहाटे कॉर्कहून निघाला. तो नव्या सरकारचा सरसेनापती, वय ३१. पुढे मोटारसायकलस्वार, मग सैनिकांचा ट्रक, उघडी लेलॅंड मोटार आणि शेवटी स्लीव्हनमॉन नावाची चिलखती रोल्स रॉइस. सकाळी बेल ना ब्लाच्या चौकात ताफ्याने एकाला बॅन्डनचा रस्ता विचारला. तो माणूस विरोधी बाजूचा पहारेकरी निघाला. टॉमच्या माणसांनी रस्त्यात सुरुंग पेरला, गाडा आडवा टाकला आणि ताफा परत याच वाटेने येईल म्हणून दिवसभर वाट पाहिली. इकडे कॉलिन्स क्लोनाकिल्टी, आपलं जन्मगाव, स्किबरीन असा फिरत राहिला आणि परतताना बॅन्डनच्या मन्स्टर आर्म्स हॉटेलात शॉनला भेटला. संध्याकाळ झाली, कोणी येत नाही असं समजून टॉमने बहुतेकांना घरी पाठवलं. सुरुंग काढायला आणि रस्ता मोकळा करायला मोजकी माणसं मागे राहिली. तेवढ्यात मोटारींचा आवाज आला.

बॅन्डनहून इथवर गाडीने पाऊण तासही लागत नाही. एका भावाचा निरोप घेऊन निघालेला माणूस दुसऱ्या भावाच्या हुकमाने लावलेल्या सापळ्यात शिरला. सोबतचा एमेट डाल्टन म्हणत होता गाडी पळवा. कॉलिन्सने थांबून लढायचं ठरवलं. अर्धा-पाऊण तास गोळीबार झाला आणि मेला तो फक्त कॉलिन्स.

आता तिथे रस्त्याकडेला दगडी क्रॉस आहे. दरवर्षी २२ ऑगस्टच्या आसपास सभा भरते. २०२२ च्या शताब्दीला मिहॉल मार्टिन आणि लिओ व्हरॅडकर, म्हणजे यादवीतल्या दोन बाजूंमधून जन्मलेल्या दोन पक्षांचे नेते, एकाच मंचावरून बोलले. त्याला शंभर वर्षं लागली. व्हरॅडकरांचे वडील आपल्या मुंबईचे, मूळ मालवणजवळच्या वराडचे. ताईला हे माहीत होतं, पण याच जागी त्यांनी भाषण केलं हे ऐकून ती क्रॉसजवळ जरा जास्त वेळ थांबली.

मी दरीच्या दुसऱ्या बाजूला पाहत होते. टॉमची माणसं तिथे वरच्या गल्लीत होती. अंतर किती कमी आहे! आवाज दिला तर ऐकू जाईल इतकंच. टॉम आणि कॉलिन्स एके काळी मित्र होते. ज्याच्या छळाच्या हकिकती जगाला कळाव्यात म्हणून कॉलिन्सच्या लोकांनी धडपड केली, तो हाच टॉम. द्वेष असता तर हे सगळं समजायला सोपं गेलं असतं.

रविवार, क्लोनाकिल्टी

थोडक्यात उरकते, कारण दिवसभर पावसाने झोडपलं. सॅम्स क्रॉसजवळ वुडफील्डला कॉलिन्स कुटुंबाच्या घराचा पाया तेवढा उरला आहे, ते घरही एसेक्स रेजिमेंटने एप्रिल १९२१ मध्ये जाळलं. क्लोनाकिल्टीच्या एमेट चौकात कॉलिन्सवरचं संग्रहालय आहे. मांडणी नेटकी, आवर्जून पाहावं असं. गाव काळ्या पुडिंगसाठी प्रसिद्ध आहे. ते रक्ताचं असतं असं कळल्यावर ताईने बटाट्याचं सूप मागवलं.

सोमवार, अहायोहिल

कॉर्कला परत जाण्याआधी वाट वाकडी करून अहायोहिलच्या दफनभूमीत गेलो. इथे डिक बॅरेट आहे. पेशाने शाळामास्तर, हेल्स भावांच्याच ब्रिगेडचा, शॉनचा जुना सहकारी. ताईला मास्तरचं हे थडगं बघायचंच होतं. त्याची गोष्ट उद्याच्या डब्लिनशिवाय कळत नाही. दुपारी गाडी परत केली आणि कॉर्कच्या केंट स्टेशनवरून डब्लिनची रेल्वे धरली. अडीच तास हिरवी सपाट रानं बघत गेलो.

मंगळवार, डब्लिन

सकाळी अर्ल्सफोर्ट टेरेस. आज तिथे राष्ट्रीय संगीत सभागृह आहे, तेव्हा विद्यापीठ होतं. ७ जानेवारी १९२२ रोजी इथेच तहावर मतदान झालं. बाजूने ६४, विरोधात ५७. शॉनचं मत बाजूने पडलं.

पण मला ताईला सांगायची होती ती मे महिन्याची गोष्ट. १ मे रोजी दोन्ही बाजूंच्या काही सेनाधिकाऱ्यांनी मिळून यादवी टाळण्याचं आवाहन काढलं. त्यावर कॉलिन्सची सही होती आणि टॉम हेल्सचीही. त्याच सुमारास संसदेने दोन्ही गटांची पाच-पाच माणसं घेऊन समेटासाठी समिती नेमली. तहाच्या बाजूने तिच्यात शॉन हेल्स आणि पॉरिक ओमॉल्या होते, विरोधी बाजूने लिअम मेलोज होता. म्हणजे एकाच महिन्यात दोन्ही भाऊ आपापल्या छावणीत बसून एकच काम करत होते, युद्ध थांबवायचं. बेल ना ब्ला सगळ्यांना माहीत असतं आणि मे महिना कोणाला माहीत नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

समेट फिसकटला. २८ जूनला सरकारी तोफा तहविरोधकांच्या ताब्यातल्या फोर कोर्ट्स इमारतीवर डागल्या गेल्या. लिफी नदीच्या उत्तर काठाने आम्ही तिथवर चालत गेलो. आतल्या माणसांनी ३० जूनला शरणागती पत्करली. पकडलेल्यांत मेलोज होता, रोरी ओकॉनर होता, जो मॅकेल्व्ही होता, आणि डिक बॅरेट होता. चौघेही माउंटजॉय तुरुंगात गेले.

फोर कोर्ट्सपासून थोडं पुढे ऑर्मंड क्वे आहे. ७ डिसेंबर १९२२ रोजी दुपारी शॉन आणि ओमॉल्या इथल्या ऑर्मंड हॉटेलातून संसदेकडे जायला निघाले. रस्त्यात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. शॉन मेला, ओमॉल्या जखमी झाला. कैद्यांना देहान्ताची शिक्षा देणारा कायदा सरकारने केला होता. त्याला साथ देणाऱ्या संसद सदस्यांना ठार करा असा विरोधी बाजूचे प्रमुख लिअम लिंच यांचा आदेश होता. जिथे शॉन पडला तिथे आज बस, सायकली आणि कॉफीचे पेले घेऊन घाईने जाणारी माणसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारने त्या चौघांना माउंटजॉयच्या आवारात गोळ्या घातल्या. खटला नाही, आरोप नाही. पाच महिने कोठडीत असलेल्या माणसांचा शॉनच्या खुनाशी संबंध असणंच शक्य नव्हतं. मंजुरी देणाऱ्या मंत्र्यांपैकी केव्हिन ओहिगिन्स याच्या लग्नात वर्षभरापूर्वी रोरी ओकॉनर करवला होता. शॉनच्या नावाने शॉनच्या ब्रिगेडचा मास्तर मारला गेला. आणि शॉनसोबत समेटाच्या समितीत बसलेला मेलोजही. हेल्स कुटुंबाने या हत्यांचा जाहीर निषेध केला. ज्यांच्या घरात प्रेत आलं होतं, त्यांनी सांगितलं की आमच्या नावाने हे करू नका. सगळ्या प्रवासात मला सगळ्यात मोठी वाटली ती ही गोष्ट. घर फुटलं होतं असं आपण म्हणतो. या एका बाबतीत ते फुटलेलं दिसत नाही.

१९२४ साली मृतदेह नातेवाइकांना मिळाले आणि बॅरेट अहायोहिलला परतला.

विमान संध्याकाळचं होतं म्हणून शेवटी लेन्स्टर हाउससमोर गेलो. आयरिश संसद इथे भरते. त्या दुपारी शॉन इथेच यायला निघाला होता. १९३३ मध्ये टॉम तहविरोधी नेता डी व्हॅलेरा याच्या पक्षातर्फे वेस्ट कॉर्कमधून निवडून येऊन याच सभागृहात बसला. तीनच वर्षांनी, त्याच पक्षाच्या सरकारने जुन्या प्रजासत्ताकवाद्यांवर लष्करी न्यायालयं चालवली म्हणून त्याने पक्ष सोडला. पुढची निवडणूक अपक्ष लढला आणि हरला. १९६६ साली तो वारला.

"म्हणजे त्याने आपल्याही माणसांना सोडलं," ताई म्हणाली.

हो, आणि कारण तेच होतं. कैद्याशी सरकार कसं वागतं, हे त्याने नखं उपटली जात असताना शिकलं होतं, आणि ते सरकार कोणाचं आहे याने त्याच्या लेखी फरक पडत नव्हता.